काळी खिडकी : चार आकडे आणि झाबुआची बस

या महिन्याच्या पत्रांत मोबाइलची बॅटरी आणि वाय-फायचा वेग जवळजवळ नाहीच. पाच पत्रं निवडली आणि पाचही त्या काळ्या खिडकीबद्दलची, म्हणजे कमांड लाइनबद्दलची, जिथे माउस चालत नाही आणि प्रॉम्प्ट नुसता लुकलुकत वाट बघतो. मला आनंद झाला, लपवत नाही. बँकेच्या नेटवर्क विभागात माझी अठ्ठावीस वर्षं याच खिडकीसमोर गेली. निवृत्त होऊन रामबागेत घरी बसले तरी सोसायटीतली पोरं अजून मला 'राउटर काकू'च म्हणतात.

कमांड इथे नागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा, आणि जिथे जोडरेघ आहे तिथे जोडरेघच द्या.

काकू, मी पिथमपूरला एका कारखान्यात आयटीत आहे. टेलिफोनचा गेटवे माझ्या गळ्यात पडलाय. एकीकडे टेलिफोन कंपनीची पीआरआय लाइन, दुसरीकडे नेटवर्कवर चालणारे आयपी फोन. ज्यांनी तो लावला ते भिया नोकरी सोडून गेले. तीन त्रास आहेत. कमांडचं एक अक्षर चुकलं की पडदा अडकतो आणि बराच वेळ काही हलत नाही. मी टाइप करत असलो की मध्येच मेसेज घुसतात आणि माझी ओळ तुटते. आणि चहा पिऊन आलो की सेशन बंद झालेलं असतं. शेवटच्यावर मी 'एक्झेक-टाइमआउट 0 0' हा इलाज केला, तर साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. माझं काय चुकलं?
– सुदामा नगर, इंदूर

चहा पिऊन येईपर्यंत सेशन बंद होतं, म्हणजे तुझा चहा दहा मिनिटांच्या वर चालतो. आयओएसमध्ये, म्हणजे सिस्को कंपनीच्या डब्यांत चालणाऱ्या सिस्टिममध्ये, ती मुदत मुळात दहा मिनिटांचीच असते. (तुझ्या कमांडवरून डबा, म्हणजे तुझा गेटवे, सिस्कोचा आहे हे उघड आहे.) पण क्रमाने घेऊ, कारण तुझे तिन्ही त्रास एकाच ठिकाणी दुरुस्त होतात आणि ते ठिकाण तुला कुणी दाखवलेलं दिसत नाही.

पडदा अडकतो तेव्हा डबा बिघडलेला नसतो, तो तुझं काम करायला गेलेला असतो. तू 'शो' लिहायला गेलास आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं. अशी कमांड त्याला माहीत नाही. मग तो समजतो की हे कुठल्या तरी मशीनचं नाव असणार आणि याला टेलनेटने (दूरच्या मशीनमध्ये शिरायची जुनी सोय) तिकडे जायचं असणार. त्या नावाचा पत्ता शोधायला तो निघतो. नावांचे पत्ते सांगणारा डीएनएस सर्व्हर सांगून ठेवला नसेल तर 255.255.255.255 वर हाक मारतो, म्हणजे अख्ख्या गल्लीत ओरडून विचारतो की या नावाचं कुणी आहे का. कुणी ओ देत नाही, आणि तू बसतोस पडद्याकडे बघत. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि 6 ही बटणं एकदम दाब, तो परत येईल.

कायमचा इलाज म्हणून कुणीही तुला 'नो आयपी डोमेन-लुकअप' सांगेल. क्लासमध्ये शिकताना ठीक आहे. तुझ्या गेटवेवर मात्र नीट बघितल्याशिवाय टाकू नकोस. तुझ्याकडे टेलिफोनचं काम आहे. एखाद्या डायल-पीअरमध्ये, म्हणजे कुठला कॉल कुठे पाठवायचा त्या नोंदीत, समोरच्या सर्व्हरचा आकडी पत्ता न देता नाव दिलेलं असेल, किंवा घड्याळ जुळवणारा एनटीपी सर्व्हर नावाने लिहिलेला असेल, तर लुकअप बंद केल्यावर त्या नावांचे पत्ते सापडायचे थांबतील. तुझा पडदा अडकायचा थांबेल आणि फोन अडकायला लागतील. त्यापेक्षा लाइनखाली जाऊन 'ट्रान्सपोर्ट प्रेफर्ड नन' लिही. अनोळखी शब्द म्हणजे मशीनचं नाव, ही समजूतच त्याने सोडून द्यावी असं ती ओळ सांगते. लुकअप चालू राहतो आणि चुकीची कमांड जागच्या जागी परत येते.

आता 'लाइनखाली जाऊन' म्हणजे कुठे? हेच ते ठिकाण. गेटवेत शिरायला दोन तऱ्हेची दारं असतात. निळी केबल लावून शिरायचं ते कन्सोल, त्याचं नाव 'लाइन कन्सोल 0'. नेटवर्कवरून शिरायची ती 'लाइन व्हीटीवाय 0 4', म्हणजे शून्य ते चार अशी पाच दारं. टाइमआउट, मेसेज, पडद्याची लांबी या सगळ्या सेटिंग दाराच्या असतात, डब्याच्या नाहीत. कन्सोलवर केलेलं व्हीटीवायला लागू होत नाही आणि उलटही नाही. नवी माणसं एका दारावर सेटिंग करतात, दुसऱ्या दाराने येतात आणि म्हणतात, 'काकू, सेव्ह होत नाही.'

मध्येच घुसणाऱ्या मेसेजसाठी दोन्ही दारांवर 'लॉगिंग सिंक्रोनस'. मेसेज यायचे ते येतीलच, पण ते आल्यावर तुझी अर्धवट ओळ खाली पुन्हा मांडून मिळते. आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसावी. नेटवर्कवरून आलेल्या सेशनमध्ये मेसेज आपणहून दिसत नाहीत, कुणीतरी 'टर्मिनल मॉनिटर' दिल्याशिवाय. म्हणजे तू एक तर कन्सोलवर बसतोस, नाही तर ती कमांड सवयीने देतोस. नको असतील तेव्हा 'टर्मिनल नो मॉनिटर' दे.

इथे जरा थांबते, कारण टेलिफोनच्या गेटवेवर ही नुसती सोयीची गोष्ट नाही. कन्सोलचा वेग मुळात सेकंदाला 9600 बिट असतो. एका अक्षरामागे मागचे-पुढचे धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला फार तर 960 अक्षरं. आयपी फोन एकमेकांशी सिप नावाच्या बोलीत बोलतात, आणि एक कॉल लावणारा सिप मेसेज हजारभर अक्षरांचा सहज असतो. चालू कामात सिपचं डीबग, म्हणजे आत जे घडतंय ते सगळं छापून दाखवणं, सुरू केलंस आणि ते सगळं कन्सोलवर ओतलं जाऊ लागलं, तर ती चिंचोळी नळी भरेल आणि डबा कॉल सोडून तिच्यातून अक्षरं ढकलत बसेल. कमांडही घेईनासा होईल. म्हणून आधी 'नो लॉगिंग कन्सोल', मग 'लॉगिंग बफर्ड', मगच डीबग. नंतर 'शो लॉगिंग'ने निवांत वाचायचं. आणि उठण्याआधी 'अनडीबग ऑल', हे मी ज्युनिअरांच्या टेबलावर चिठ्ठी चिकटवून ठेवायचे.

राहिलं तुझं 0 0. त्याचा अर्थ 'कधीच नाही'. तुझी दारं पाच. तू लॅपटॉप मिटून घरी गेलास, वाय-फाय तुटलं, तरी गेटवेच्या लेखी तू आतच बसलेला. असं पाच वेळा झालं की सहाव्याला दार नाही, आणि तो सहावा बहुतेक साहेब असतो. मला वाटतं तुझ्याकडे हेच झालं. 'शो युझर्स'ने कोण बसलंय ते दिसतं, 'क्लिअर लाइन'ने उठवता येतं, पण त्यासाठी कुणीतरी आत असावं लागतं. कन्सोलवर 0 0 तर त्याहून वाईट. तू अॅडमिन म्हणून उघडलेलं सेशन तसंच राहतं, आणि उद्या जो कुणी केबल खोचेल त्याला पासवर्ड न विचारता तुझं सिंहासन मिळतं. 'एक्झेक-टाइमआउट 20 0' कर, वीस मिनिटं आणि शून्य सेकंद. जोडीला 'सर्व्हिस टीसीपी-कीपअलाइव्ह्ज-इन' दे, म्हणजे मेलेली सेशनं गेटवे स्वतःच ओळखून काढून टाकेल. साहेबांनी झापलं ते बरोबर होतं, सगळ्यांसमोर झापलं ते नाही.

तू विचारलं नाहीस तरी आणखी एक. दर 24 ओळींना थांबून 'मोअर' म्हणतो ना, तो आकडा जुन्या टर्मिनलांचा वारसा आहे. डेक कंपनीचं व्हीटी100 टर्मिनल आलं 1978 साली, त्याच्या पडद्यावर 24 ओळी मावायच्या. तुझ्या पडद्यावर साठ मावतात. 'टर्मिनल लेंग्थ 0' दिलं की तेवढ्या सेशनपुरता तो थांबायचा नाही. पण सगळं कॉन्फिग ओतून घेण्यापेक्षा 'शो रन'पुढे उभी रेघ देऊन 'सेक्शन डायल-पीअर' लिही, हवं तेवढंच दिसेल. पोह्यांवर जीरावण घालतात तसं, चिमटीने.

ताई, माझं वय 71, गणिताचा निवृत्त शिक्षक. नातवाने जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त सिस्टिम) घालून दिलं आणि तो पुण्याला गेला. जाताना वहीत कमांड लिहून दिल्या. वाय-फायचं नाव बदलायचं म्हणून मी वहीतल्याप्रमाणे 'यूसीआय सेट' केलं. 'यूसीआय शो' केलं तर नवं नाव दिसलं. फोनवर मात्र जुनंच. रात्री वीज गेली, आणि सकाळी 'शो'मध्येही जुनंच नाव! नातवाला विचारलं तर हसतो. आपण हसू नये.
– टिळकनगर, इंदूर

सर, अजिबात हसत नाही. तुमच्या वहीचं पुढचं पान फाटलं असणार, किंवा नातू दोन ओळी लिहायला विसरला असणार.

'यूसीआय सेट' म्हणजे कच्चं गणित. ते तात्पुरत्या जागी ठेवलं जातं, आणि ती जागा मेमरीत असल्यामुळे वीज गेली की पाटी कोरी. 'यूसीआय शो' पक्कं आणि कच्चं एकत्र करून दाखवतं, म्हणून तुम्हाला नवं नाव दिसलं. नुसतं कच्चं बघायचं असेल तर 'यूसीआय चेंजेस' द्या. पटलं तर 'यूसीआय कमिट वायरलेस', म्हणजे ते पक्क्या वहीत उतरतं. पण रेडिओ अजून जुन्याच नावाने बोलत असतो, त्याला वही पुन्हा वाचायला सांगावं लागतं. त्यासाठी 'वायफाय रीलोड'. तेवढा वेळ फोन तुटतील, घाबरू नका. आणि जमलं तर हे काम वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून करा. वाय-फायवरून वाय-फायचं नाव बदलणं म्हणजे बसलोय त्या फांदीवर करवत चालवणं आहे. मनासारखं नसेल तर कमिटच्या ऐवजी 'यूसीआय रिव्हर्ट वायरलेस', कच्चं पुसलं जातं.

तुम्ही गणिताचे म्हणून एक गंमत सांगते. वरच्या सुदामा नगरच्या मुलाच्या डब्यात हेच उलट चालतं. तिथे कमांड दिली की ती त्या क्षणी लागू होते, पण पक्क्या वहीत जात नाही. चालू कॉन्फिग वेगळं, सुरुवातीचं कॉन्फिग वेगळं, आणि 'राइट मेमरी' म्हटल्याशिवाय पहिलं दुसऱ्यात उतरत नाही. तुमच्याकडे आधी लिहिणं आणि मग लागू होणं, त्याच्याकडे आधी लागू होणं आणि मग लिहिणं. दोन्हीकडे वीज गेल्यावरच चूक कळते, एवढं साम्य. दोन्ही डब्यांवर काम करणारी माणसं एकाची सवय दुसऱ्याकडे घेऊन जातात. मीही गेले आहे.

पक्की वही तुम्हाला उघडूनही बघता येईल. ईटीसीच्या आत कॉन्फिग नावाची फाइलींची जागा आहे, तिथे 'वायरलेस' नावाची साधी मजकुराची फाइल. बदल करण्याआधी तिची एक नक्कल करून ठेवा.

नमस्कार. सियागंजात आमची हार्डवेअरची पेढी आहे. दुकान आणि दोन गोदामं जोडणारा राउटर ज्याने बसवला तो टेलनेटने सेटिंग करतो. पुतण्या म्हणतो एसएसएच पाहिजे. तो माणूस म्हणतो, 'शेठ, आतल्या आतच तर आहे, कोण बघतंय?' कोणाचं ऐकू?
– सियागंज, इंदूर

पुतण्याचं.

टेलनेट पोस्टकार्डासारखं आहे, एसएसएच बंद पाकिटासारखं. पासवर्डसुद्धा उघड्यावर जातो, वाटेतल्या कुणालाही वाचता येतो. 'आतल्या आत' हे वाक्य ज्यांनी खरं मानलं त्यांच्यामुळेच तर एसएसएच जन्माला आलं. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात, म्हणजे आतल्या आतच, कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं. ते उघडकीला आल्यावर तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. तुमच्या दोन गोदामांच्या मध्ये तर दुसऱ्याची लाइन आहे.

बसवणाऱ्याला सांगा, किंवा पुतण्यालाच करू द्या. (राउटर सिस्कोचा आहे असं धरते.) राउटरला नाव द्यायचं आणि 'आयपी डोमेन-नेम' द्यायचं, कारण त्या दोन्हींशिवाय किल्ली तयार होत नाही. मग 'क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस 2048', मग 'आयपी एसएसएच व्हर्जन 2'. एक युझरनेम, त्याला 'पासवर्ड'ने नाही तर 'सीक्रेट'ने पासवर्ड. व्हीटीवायवर 'लॉगिन लोकल' आणि 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच'. बऱ्याच डब्यांत 'लाइन व्हीटीवाय 5 15' अशी आणखी अकरा दारं असतात आणि ती सगळे विसरतात, तिथे टेलनेट तसंच चालू राहतं. 'शो रन'च्या तळाशी बघायला सांगा.

आणि कॉन्फिगमध्ये 'पासवर्ड 7' असं लिहून पुढे काहीतरी अगम्य दिसलं तर तो पासवर्ड सुरक्षित आहे असं समजू नका. ते उलटं सोडवणं पोरखेळ आहे. खांद्यावरून डोकावणाऱ्याला एका नजरेत कळू नये, एवढाच त्याचा उपयोग.

मॅडम, मी आमच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांचे गेटवे घरून सांभाळतो. देवास, रतलाम, दाहोद. दोन ठिकाणी सिस्को, एका ठिकाणी मायक्रोटिक. आता अॅक्सेस-लिस्ट लावायची आहे, म्हणजे फक्त आमच्या ऑफिसच्या पत्त्यांवरून आत येता यावं. आठवडा झाला, कमांड लिहून ठेवल्यात, एंटर दाबवत नाही. मीच बाहेर राहिलो तर? दाहोदला जायचं म्हणजे दिवस मोडतो.
– रावपुरा, वडोदरा

वडोदरा लिहिलंत, आम्ही इंदूरची मंडळी अजून बडोदाच म्हणतो, चालवून घ्या. एंटर दाबवत नाही हे वाचून तुमच्याबद्दल आदर वाटला. मी दाबलं होतं.

2006 चा पावसाळा. झाबुआच्या शाखेच्या राउटरवर मला अगदी हेच करायचं होतं, व्हीटीवायवर 'अॅक्सेस-क्लास' लावून फक्त आमच्या इंदूरच्या विभागाला शिरकाव द्यायचा. यादीत एकच ओळ. नेटवर्कचा पत्ता लिहिला आणि पुढे हाताच्या सवयीने 255.255.255.0 टाइप केलं. इंटरफेसला पत्ता देताना असंच लिहितात. अॅक्सेस-लिस्टमध्ये मात्र हे उलटं असतं. तिथे 0 म्हणजे 'हा आकडा जुळलाच पाहिजे' आणि 255 म्हणजे 'काहीही चालेल'. लिहायचं होतं 0.0.0.255. मी जे लिहिलं त्याचा अर्थ झाला, पहिले तीन आकडे कुठलेही चालतील, शेवटचा मात्र शून्य हवा. शून्याने संपणारं मशीन आमच्याकडे एकही नव्हतं, तो पत्ता जाळ्याचा स्वतःचा असतो. आणि प्रत्येक यादीच्या तळाशी एक न दिसणारी ओळ असते : बाकी सर्वांना मनाई. म्हणजे मी दार लावून घेतलं आणि किल्ली कुणालाच ठेवली नाही.

खरी मेख पुढे आहे. माझं सेशन तुटलं नाही. अॅक्सेस-क्लास नव्याने येणाऱ्याला अडवतो, आत बसलेल्याला उठवत नाही. मला वाटलं, बघा, सगळं ठीक. 'राइट मेमरी' केलं, बाहेर पडले, डबा खाल्ला. दुपारी परत जायला गेले तर दार बंद. शाखेचं काम व्यवस्थित चालू होतं, पैसे निघत होते, भरले जात होते, फक्त मी बाहेर. शिपायाला फोन करून राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला. सेव्ह केलेलं असल्यामुळे तो माझीच चूक घेऊन पुन्हा उठला. सेव्ह केलं नसतं तर तेवढ्यावर भागलं असतं. एरवी सेव्ह न करणाऱ्यांना रागावणारी मी.

दुसऱ्या दिवशी पहाटे गंगवाल बसस्टँडवरून झाबुआची बस, पिशवीत निळी केबल. कन्सोलच्या दाराला अॅक्सेस-क्लास लागू नव्हता, त्यामुळे आत गेले, चार आकडे बदलले. अर्धा मिनिट. मॅनेजरांनी दाल-पानिये खायला घातले आणि जाण्यायेण्याचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं असं विचारलं. ते मी आजही विसरलेले नाही.

आता तुमचं. पहिली गोष्ट, यादी लिहिल्यावर दाराला लावण्याआधी 'शो अॅक्सेस-लिस्ट्स' बघा. मी बघितलं असतं तर माझ्या नेटवर्कच्या पत्त्याच्या जागी 0.0.0.0 दिसलं असतं, कारण 'काहीही चालेल' म्हटलेले आकडे डबा स्वतःच पुसून टाकतो. दुसरी, लावल्यावर पहिली खिडकी उघडीच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने शिरून बघा. शिरता आलं तरच पहिली बंद करा. एवढ्या दोन गोष्टींनी माझी बस चुकली असती.

तिसरी, परतीची वाट आधीच बांधून ठेवा. सिस्कोवर सुरुवात करण्याआधी 'रीलोड इन 10' द्या. दहा मिनिटांनी डबा स्वतःहून रीस्टार्ट होईल आणि सेव्ह केलेलं जुनं कॉन्फिग घेऊन उठेल. सगळं जमलं तर 'रीलोड कॅन्सल', मगच 'राइट मेमरी'. क्रम उलटा नको. बदल केल्यानंतर रीलोड दिलात तर तो विचारेल, सेव्ह करू का? तिथे 'हो' म्हणणारे मी बघितले आहेत. शिवाय रीस्टार्ट म्हणजे काही मिनिटं गोदाम बंद, तेव्हा रात्री करा. तेवढंही नको असेल तर 'आर्काइव्ह'मध्ये कॉन्फिगची नक्कल कुठे ठेवायची ते आधी सांगा आणि 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर 10' म्हणून आत जा. दहा मिनिटांत 'कॉन्फिगर कन्फर्म' दिलं नाहीत तर रीस्टार्ट न होता जुनं कॉन्फिग परत बसतं.

मायक्रोटिकमध्ये सेव्ह नावाचा प्रकारच नाही, कमांड दिली की लागू आणि पक्कीही. तिथे आधी कंट्रोल आणि एक्स दाबा, प्रॉम्प्टवर 'सेफ' दिसायला लागेल. आता तुमच्या बदलाने तुमचंच सेशन तुटलं तर बदल आपोआप मागे घेतले जातात. सगळं जमलं की पुन्हा कंट्रोल आणि एक्स, म्हणजे ते कायम. ही सोय मला झाबुआच्या वेळी हवी होती. (तसं माझं सेशन तुटलंच नव्हतं, तेव्हा तीही उपयोगी पडली नसती. दुसरी खिडकी, दुसरी खिडकी!)

सुरुवात देवासपासून करा, दाहोद शेवटी. आणि तिन्ही डब्यांना आपापलं नाव देऊन ठेवा, सिस्कोवर 'होस्टनेम'ने, मायक्रोटिकवर 'सिस्टिम आयडेंटिटी'त. दोन खिडक्यांत दोन वेळा नुसतं 'राउटर' दिसत असेल, तर एका गावची यादी दुसऱ्या गावाला लागायला वेळ लागत नाही.

मी बीईच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरावासाठी भंगारवाल्याकडून जुना सिस्को राउटर घेतला. केबल लावली तर पडद्यावर नुसती चौकोनं आणि प्रश्नचिन्हं. सीनियर म्हणतो कन्सोल पोर्ट जळालाय. आणि चालला तरी पासवर्ड माहीत नाही. पैसे वाया गेले का?
– लष्कर, ग्वाल्हेर

पोर्ट जळाला असता तर चौकोनंही आली नसती. चौकोनं येतात म्हणजे दोघं बोलताहेत, पण वेगळ्या वेगाने. 9600, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही, एवढं आधी लावून बघ. खिडकी उघडायला पुट्टी हा प्रोग्रॅम वापरत असशील तर त्यात फ्लो कंट्रोल 'एक्सऑन-एक्सऑफ' आधीच निवडलेलं असतं, ते 'नन' कर. तरीही चौकोनंच आली तर आधीच्या मालकाने वेग वाढवून ठेवला असेल. 19200, 38400, 57600, 115200 असं चढत जा, कुठेतरी अक्षरं उमटतील.

पासवर्डचं म्हणशील तर राउटर तुझा आहे आणि केबल तुझ्या हातात आहे, तेव्हा वाट आहे. डबा चालू केल्यापासून पहिल्या मिनिटात 'ब्रेक' पाठव, रॉममॉनचा, म्हणजे सिस्टिम उठण्याआधीचा, प्रॉम्प्ट येईल. तिथे 'कॉनफ्रेग 0x2142', मग 'रीसेट'. या आकड्याचा अर्थ, उठताना सेव्ह केलेलं कॉन्फिग वाचू नकोस. तो कोरा उठेल आणि सेटअप करू का विचारेल, नाही म्हण. 'एनेबल' दिल्यावर पासवर्ड मागणार नाही. आधीच्या मालकाचं कॉन्फिग शिकण्यासाठी हवं असेल तर 'कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग' कर, नवीन 'एनेबल सीक्रेट' दे, आणि प्रत्येक इंटरफेसवर 'नो शटडाउन' दे, कारण या वाटेने आल्यावर ते बंद असतात. शेवटी कॉन्फिग मोडमध्ये 'कॉन्फिग-रजिस्टर 0x2102' आणि मग 'राइट मेमरी'.

ही 2102 ची ओळ निम्मी मुलं विसरतात, आणि पुढच्या महिन्यात मला पत्र येतं की काकू, रोज सेव्ह करतो आणि रोज सकाळी राउटर कोरा असतो.